सोडा-व्हिनेगरच्या फेसाने काय होतं, काय होत नाही

दिवाळीची साफसफाई जवळ आली की एक संदेश हमखास फिरू लागतो: खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करा, त्याचा फेस सिंकची तुंबलेली नळी मोकळी करतो, नळावरचे पांढरे डाग आणि टाइल्सवरचा चिकटा काढतो, जंतू मारतो, ओटाही त्यानेच पुसा आणि उरलेलं बाटलीत भरून ठेवा. हे दोन्ही पदार्थ वेगवेगळे वापरले तर फार कामाचे आहेत. म्हणूनच ते एकमेकांत ओतून वाया जाताना पाहवत नाही.

"फेसच घाण काढतो." सोडा सौम्य अल्क, व्हिनेगर म्हणजे पातळ अ‍ॅसिटिक आम्ल. दोघे भेटले की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे उरतं पाणी व सोडियम अ‍ॅसिटेट नावाचं क्षारयुक्त द्रावण. त्याने ना तेल सुटतं, ना डाग. एक मोठा चमचा, म्हणजे साधारण 14 ग्रॅम सोडा 4 टक्क्यांच्या पाव लिटर व्हिनेगरमधलं आम्ल संपवतो. संदेशात सांगतात तसं अर्धी वाटी सोड्यावर अर्धी वाटी व्हिनेगर ओतलं, तर आम्ल पार संपतं आणि बहुतेक सोडा तसाच पडून राहतो.

"तुंबलेली नळी मोकळी होते." होत नाही. वायू वरच्या उघड्या तोंडातून निघून जातो, खालच्या बोळ्यावर जोर येतच नाही. सिंकमध्ये अडकतं ते गोठलेलं तेल-तूप, भाताची शितं, चहाचा चोथा. सिंकखाली बॉटल ट्रॅप, म्हणजे गाळ अडवणारा बाटलीसारखा भाग, असेल तर बादली ठेवा, खालची वाटी हाताने फिरवून काढा, गाळ बाहेर काढून ब्रशने घासा. परत बसवताना रबरी वॉशर सरळ बसलाय ना ते बघा. गळती बहुतेकदा तिथूनच सुरू होते. ट्रॅप नसेल तर रबरी पंप वापरा: सिंकमध्ये चार बोटं पाणी ठेवा, ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्याने दाबून धरा आणि 10-15 वेळा जोरात दाबा. उकळतं पाणी प्लास्टिकच्या वेस्ट पाइपमध्ये ओतू नका, पाइप मऊ पडून वाकतो. तुपाची कढई धुण्याआधी रद्दी कागदाने पुसली तर ही वेळच क्वचित येते.

"नळावरचे पांढरे डाग जातात." जातात, पण एकट्या व्हिनेगरने. बोअरच्या जड पाण्यामुळे साचणारा तो थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि तो विरघळायला आम्लच लागतं. फडकं व्हिनेगरमध्ये भिजवून नळाला 20-30 मिनिटं गुंडाळा, मग घासून भरपूर पाण्याने धुवा.

"ओटाही पुसा." इथे नुकसान होतं. कडाप्पा, कोटा आणि संगमरवर या दगडांतही कॅल्शियम कार्बोनेटच असतं. व्हिनेगर किंवा लिंबू लागलं की पॉलिश जाऊन पांढुरके चट्टे पडतात आणि ते पुसून निघत नाहीत. या ओट्यांना भांड्यांच्या साबणाचं कोमट पाणी पुरतं.

"चिकटा निघतो." तेलाच्या चिकट्यासाठी एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घाला. हातमोजे घाला, टाइल्सवर पाच मिनिटं राहू द्या, मग पुसा. अॅल्युमिनियमच्या जाळीला किंवा भांड्याला मात्र हे पाणी लावू नका, ते काळं पडतं. करपलेल्या स्टीलच्या पातेल्यात पाणी आणि एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटं उकळा. थर घासणीने निघून येतो.

"जंतू मरतात." यावर विसंबू नका. मासे-मटण कापलेला पाट आधी साबणाने धुवा. मग 4 लिटर पाण्यात 15 मि.लि. साधं, बिनवासाचं, सुमारे 5 टक्के हायपोक्लोराइटचं ब्लीच मिसळून त्या पाण्याने ओला करा आणि तसाच वाळू द्या.

"बाटलीत भरून ठेवा." फेस थांबलेला नसताना झाकण घट्ट लावलं तर वायूच्या दाबाने बाटली फुटू शकते. त्याहून मोठा धोका असा, की हाच प्रयोग पुढे ब्लीचवर केला जातो. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा आम्लाचं टॉयलेट क्लीनर पडलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो. घसा जळजळला, डोळे झोंबले तर पुसत बसू नका. ताबडतोब बाहेर पडा, दार-खिडक्या उघड्या ठेवा, आणि दम लागत असेल तर लगेच दवाखाना गाठा.