‘ठाणे’ची लांबी बारा : ऐरोलीकरांना उत्तर

ऐरोलीकर,

तुमची प्रतिक्रिया रात्रीच वाचली होती. मुद्दाम सकाळी लिहितोय, कारण माझी रात्रीची उत्तरं मला सकाळी पुसावी लागतात. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की पीएचपी या वेबसाइटच्या प्रोग्रामिंग भाषेतलं स्ट्रलेन हे लांबी सांगणारं फंक्शन, म्हणजे तयार आज्ञा, ‘ठाणे’ या शब्दाची लांबी १२ सांगतं आणि ते तसंच राहू द्यावं. त्यावर ऐरोलीकर म्हणतात, दोन अक्षरी शब्दाची लांबी २ च यायला हवी, चूक ती चूक, ज्याचा कोड मोडेल तो सुधारेल. भाषेची अंगभूत फंक्शनं आणि क्लास सांभाळणारी मंडळी भित्री आहेत, पायथन या दुसऱ्या भाषेने जुना कोड मोडायची हिंमत केली ती इतरांनी का नाही केली? आणि शेवटी, ‘तुमच्या पिढीला बदल नकोच असतो.’

पिढीचं सोडा, ते घरीही रोज ऐकतो. बाकीच्याबद्दल बोलू.

१२ हा आकडा आकाशातून पडलेला नाही. ठ, काना, ण आणि मात्रा अशी चार चिन्हं, यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे साठवणीची तीन घरं. स्ट्रलेन बाइट मोजतं आणि बाइट मोजायला लोक ते वापरतात. सर्व्हर पान पाठवताना ब्राउझरला आधी सांगतो की इतके बाइट येताहेत. हा आकडा काढायला जगभरच्या कोडमध्ये स्ट्रलेनच बसलेलं आहे. उद्या त्याने तुमच्या मनासारखं २ सांगितलं, तर ब्राउझर दोन बाइट घेऊन हात झटकेल. एकटा ‘ठ’च तीन बाइटांचा. म्हणजे ठाणं राहिलं दूर, ठसुद्धा पोचणार नाही.

आणि तुम्ही सुचवताय ते पीएचपीने करून पाहिलेलं आहे. फंक ओव्हरलोड नावाची एक सेटिंग होती. ती चालू केली की स्ट्रलेन बाइटांऐवजी चिन्हं मोजायचं. अंगभूत फंक्शन तेच, नाव तेच, पण या सर्व्हरवर एक अर्थ आणि शेजारच्या सर्व्हरवर दुसरा. ज्या लायब्रऱ्यांना, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडला, खरोखर बाइट हवे होते त्या चालू सेटिंगवर गडबडायच्या, आणि लिहिणाऱ्याला आपला कोड कुठे चालणार हे ठाऊक नसायचं. शेवटी पीएचपीच्या ७.२ आवृत्तीत ती सेटिंग डेप्रिकेट झाली, म्हणजे ‘ही आता वापरू नका’ असं जाहीर झालं, आणि ८.० मध्ये काढून टाकली. हा भित्रेपणा नाही हो, हात पोळल्यावरचं शहाणपण आहे.

बरं, ‘बरोबर’ उत्तर कुठलं? पायथन ‘ठाणे’ची लांबी ४ सांगतो, स्विफ्ट २ सांगतो. तुम्हाला २ हवंय, मलाही वाचताना दोनच अक्षरं दिसतात. पण आता ‘क्षमा’ घ्या. शाळेत आपण क्ष एकच अक्षर शिकलो. युनिकोड या सगळ्या लिप्यांसाठीच्या संगणकी मानकातल्या अक्षरतोडीच्या नियमानुसार मात्र क् वेगळा, ष वेगळा आणि मा वेगळा, अशी तीन अक्षरं व्हायची. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिकोड १५.१ आलं, त्यात जोडाक्षरांसाठी नवा नियम आला आणि ‘क्षमा’ दोन अक्षरी झाली. म्हणजे स्ट्रलेन तुमच्या म्हणण्याप्रमाणे २०१५ साली दुरुस्त केलं असतं, तर २०२३ नंतर ते पुन्हा बदलावं लागलं असतं. तोवर कुणाच्या तरी डेटाबेसमध्ये जुन्या मोजणीने कापलेली नावं पडून राहिली असती. म्हणून जुनं मोजमाप जागेवर ठेवायचं आणि नवं शेजारी वेगळ्या नावाने उभं करायचं. एमबी_स्ट्रलेन चिन्हं मोजतं, ग्राफीम_स्ट्रलेन अक्षरं मोजतं. तीन फंक्शनं दिसायला बेंगरूळ आहेत, मान्य, पण प्रश्नही तीन आहेत.

पायथनचं उदाहरण तुम्हीच काढलंत ते बरं झालं. तिथे बदल नेमका याच गोष्टीचा होता. मजकूर वेगळा आणि बाइट वेगळे, हा पायथन ३ चा गाभा. प्रिंट या आज्ञेला कंस सक्तीचे झाले, ही वरवरची गोष्ट. ३.० आलं ३ डिसेंबर २००८ ला. पायथन २ चा आधार आधी २०१५ ला संपवायचा होता, तो शेवटी १ जानेवारी २०२० ला संपला. अकरा वर्षं दोन चुली! हिंमत होती यात शंका नाही, आणि मला पायथन ३ आवडतं. पण ‘ज्याचा मोडेल तो सुधारेल’ या वाक्यातल्या ‘सुधारेल’चा भाव एवढा आहे. जावा या आणखी एका भाषेवाल्यांनी दुसरं टोक गाठलं. त्यांच्या तारखा सांभाळणाऱ्या डेट क्लासमधलं गेटइयर १९०० पासून वर्षं मोजतं आणि २०२४ सालाला १२४ म्हणतं. ते आवृत्ती १.१ पासून, म्हणजे १९९७ पासून, डेप्रिकेटेड आहे आणि अजून तिथेच आहे. २०१४ मध्ये शेजारी तारखांचं नवं पॅकेज आलं, जुन्याला कुणी हात लावला नाही. मला हेही थोडं अतीच वाटतं.

आता माझीच फजिती सांगतो. नौपाड्यातल्या एका पतसंस्थेचा पावत्यांचा प्रोग्राम मी पूर्वी लिहून दिला होता. २०२२ च्या नोव्हेंबरात पीएचपी ७.४ चा आधार संपला, त्यानंतर मी सर्व्हर ८.१ वर नेला. रविवारी नेला, हातासरशी एक पान उघडून पाहिलं, झोपलो. सोमवारी मी ट्रान्स-हार्बरच्या गाडीत रबाळ्यापाशी असताना कॅशियर ताईंचा फोन आला. ‘दादा, पावती येत नाहीये, पांढरं पान येतंय. बाहेर आरडी भरणारे उभे आहेत.’ यादीतली एकेक नोंद देणारं ईच हे फंक्शन ८.० मध्ये काढलं होतं, माझ्या कोडमध्ये ते सहा ठिकाणी होतं. त्याच्या जोडीला काउंट हे नोंदी मोजणारं फंक्शन. रिकाम्या खात्यावर त्याला नल, म्हणजे ‘काहीच नाही’, मिळायचा. पूर्वी ते गुपचूप शून्य म्हणायचं, ७.२ पासून वॉर्निंग देऊ लागलं, ८.० पासून थेट अडतं. त्या दिवशी ताईंनी संध्याकाळपर्यंत हाताने पावत्या फाडल्या.

यात भाषा सांभाळणाऱ्यांची चूक शोधायला मी बसलो होतो. सापडली नाही. दादरला डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या फलाटांचे नंबर बदलले, एकचा आठ झाला. तेव्हा महिनाभर उद्घोषणा ऐकूनही मी एकदा चुकीच्या जिन्याने उतरलोच. पण उद्घोषणा झाली होती. ईचची वॉर्निंगही ७.२ पासून, म्हणजे २०१७ पासून, येत होती. प्रोग्रामच्या पहिल्याच ओळीत मी सगळ्या वॉर्निंग बंद करून ठेवल्या होत्या, पतसंस्थेच्या पडद्यावर इंग्रजी ओळी नकोत म्हणून. भोंगा मीच काढून ठेवला होता.

एका बाबतीत मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. ‘नावाच्या रकान्यासाठी एमबी_स्ट्रलेन वापरा’ असं मी लिहून मोकळा झालो होतो. त्याने ‘ठाणे’ ४ येतं, आणि वीस अक्षरांची मर्यादा घातलीत तर मराठी नावं मध्येच, कधी काना सोडून, तुटतात. तिथे ग्राफीम_स्ट्रलेन हवं होतं. लेखात आज दुरुस्ती केली आहे. फक्त ते सर्व्हरवरच्या युनिकोड लायब्ररीच्या भरवशावर चालतं, त्यामुळे जुन्या आणि नव्या सर्व्हरवर उत्तर वेगळं येऊ शकतं. तुमच्याकडे ‘क्षमा’ दोन अक्षरी आहे की तीन, तेवढं पाहून कळवा.