दोन सेकंद उघडं शटर आणि गोठलेला थेंब: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अंधाऱ्या खोलीत शटर दोन सेकंद उघडं ठेवून, फ्लॅशच्या एका लखलखाटात घेतलेल्या माझ्या दुधाच्या थेंबांच्या फोटोंवरची तुमची प्रतिक्रिया सावकाश, दोनदा वाचली. तुमचे आक्षेप तीन आहेत. दोन सेकंद शटर उघडं असताना थेंब असा रेखीव येऊच शकत नाही, म्हणजे मी नंतर संगणकावर हात फिरवलाय. कॅमेऱ्यात १/८००० सेकंदाचं शटर असताना फ्लॅश कशाला हवा? आणि फ्लॅश किती वेळ पेटतो यासाठी मी दिलेला १/३८,५०० सेकंद हा आकडा फसवा आहे. शेवटच्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे.

निकॉनच्या एसबी-९१० फ्लॅशच्या लखलखाटासाठी कंपनी पूर्ण पॉवरला १/८८० आणि १/१२८ पॉवरला (पूर्णच्या १२८ व्या हिश्श्याला) १/३८,५०० सेकंद असे आकडे देते. अशा आकड्यांत सहसा प्रकाश निम्म्याहून जास्त असतो तेवढाच वेळ धरलेला असतो. त्यानंतरचं मंदावत जाणारं शेपूटही फोटोत उमटतंच. पूर्ण पॉवरला ते चांगलंच लांब असतं. दहाव्या हिश्श्यापर्यंत उतरायचा वेळ धरला तर आकडा साधारण तिप्पट होतो, म्हणजे १/८८० चे जवळपास १/३०० होतात. हे मी लेखात लिहायला हवं होतं. आता तशी दुरुस्ती केली आहे.

पण १/१२८ ची गोष्ट वेगळी. कॅमेऱ्यावर बसणाऱ्या फ्लॅशची पॉवर कमी केली की उजेड मंद होत नाही, तो लवकर तुटतो. नळी पेटते त्याच जोमाने, पण इलेक्ट्रॉनिक स्विच वीज मध्येच कापतो आणि शेपटाचा बराचसा भाग छाटला जातो. म्हणूनच ‘एवढासा उजेड कशाला, स्टुडिओचा मोठा लाइट लावा’ हा तुमचा सल्ला इथे उपयोगाचा नाही. व्होल्टेज उतरवून पॉवर कमी करणाऱ्या जुन्या स्टुडिओ फ्लॅशमध्ये पॉवर जितकी कमी, तितका लखलखाट लांबतो.

आता उघड्या शटरबद्दल. अंधाऱ्या खोलीत शटर किती वेळ उघडं आहे याला महत्त्व उरत नाही, फिल्म किंवा सेन्सरपर्यंत उजेड किती वेळ पोचतो तेवढंच मोजायचं. १८५१ मध्ये फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक असलेल्या फॉक्स टॅल्बटने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ‘टाइम्स’ वर्तमानपत्राचा कागद चाकावर चिकटवला, चाक गरगर फिरवलं आणि लायडन जारमधली (वीज साठवणाऱ्या काचेच्या बरणीतली) वीज एका ठिणगीत सोडली. प्लेटवर अक्षरं वाचता येण्याइतकी स्पष्ट आली. एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टननी १९६४ मध्ये सफरचंदातून आरपार जाणाऱ्या गोळीचा फोटो घेतला, तोही अंधारात शटर उघडं ठेवूनच. गोळीचा आवाज मायक्रोफोनने टिपला आणि फ्लॅश पेटवला. तो लखलखाट एका मायक्रोसेकंदाहूनही छोटा होता. मला हे सगळं अजूनही विलक्षण वाटतं, त्यामुळे ‘हात फिरवला’ हा शब्द लागला, हे मोकळेपणाने सांगतो. त्याच सेटिंगवर, फ्लॅश बंद ठेवून घेतलेली फ्रेम लेखात जोडली आहे. ती पूर्ण काळी आहे. खोलीतला कुठलाही उजेड फोटोत शिरला नव्हता.

१/८००० चा हिशोबही करून पाहू. ५० सेंटिमीटरवरून पडलेला थेंब खाली पोचतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ३.१ मीटर असतो. १/८००० सेकंदात तो जेमतेम ०.४ मिलिमीटर सरकतो, म्हणजे तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही. अडचण दुसरीकडे आहे. एवढ्या जवळून, थेंब आणि खाली उडणाऱ्या दुधाचा मुकुट दोन्ही फोकसमध्ये हवे असतील तर एफ/१६, म्हणजे लेन्सचं भोक बरंच बारीक, लागतं. कडक उन्हातही एफ/१६ ला १/८००० साठी आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची क्षमता) ८००० च्या आसपास न्यावा लागेल, मॅक्रोमध्ये, म्हणजे इतक्या जवळून फोटो घेताना, वाया जाणारा उजेड वेगळाच. शिवाय पडद्याच्या शटरमध्ये १/८००० ला संपूर्ण फ्रेम एकदम उघडत नाही. एक बारीक फट सरकत जाते आणि तिला वरून खाली यायला १/२५० सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. तेवढ्यात थेंब १२ मिलिमीटर खाली आलेला असतो. म्हणजे फोटोचा वरचा आणि खालचा भाग एकाच क्षणाचा नसतो. मला तो एकच क्षण हवा आहे. अशा वेगवान शटरसोबत फ्लॅश वापरायच्या हायस्पीड सिंक या सोयीनेही तो मिळत नाही, कारण त्यात फ्लॅश ती फट सरकेपर्यंत लुकलुकत राहतो.

माझ्या शब्दावर विसंबू नका. रात्री दिवे घालवा, टेबलफॅनच्या एका पात्याच्या टोकाला पांढऱ्या कागदाची टिकली चिकटवा आणि पंखा जोरात सोडा. जाळी काढू नका, आणि उजेड चमकून परत येऊ नये म्हणून फ्लॅश बाजूने मारा. टोक मध्यापासून २० सेंटिमीटरवर असेल आणि पंखा मिनिटाला १२०० फेरे घेत असेल, तर टिकली सेकंदाला २५ मीटर धावते. पूर्ण पॉवरला ती काही सेंटिमीटर फरफटलेली दिसेल, १/१२८ ला तिचा आकार ओळखता येईल. फरफट मोजून वेगाने भागली की तुमच्या फ्लॅशचा खरा वेळ, शेपटासकट, हाती येतो. दोन्ही फोटो इथे जरूर टाका. मी माझ्या फ्लॅशचे याच आठवड्यात टाकतो.