मान किंचित कलती केली तेव्हा

आज न्यू जर्सीहून मुद्दाम न्यूयॉर्कला जाऊन एक ‘इमर्सिव्ह’ (म्हणजे चित्रे चहूबाजूंनी अंगावर सोडणारे) प्रदर्शन पाहून आलो आणि माणशी पंचेचाळीस डॉलर मोजून विकत घेतलेला संताप अजून उतरलेला नाही. भिंतींवर, जमिनीवर आणि आमच्या अंगावर सूर्यफुले वाहत होती, मंगल कार्यालयात पंगतीला लावतात तसले संगीत वाजत होते, आणि जो तो त्या फुलांकडे पाठ करून मोबाइलकडे पाहून हसत होता. एका कोपऱ्यात दोन प्रोजेक्टरांची चित्रे जुळत नसल्यामुळे एका सूर्यफुलाला दीड देठ आला होता; त्याकडे कोणाचेही लक्ष नव्हते.

त्याच शहरात 275, चर्च स्ट्रीटच्या तिसऱ्या मजल्यावर (अमेरिकी हिशेबाने तिसऱ्या) संगीतकार ला मॉन्टे यंग आणि चित्रकार मेरियन झझीला या दांपत्याने मांडलेले ‘ड्रीम हाऊस’ हे ध्वनी-प्रकाशाचे दालन 1993 पासून आहे. तिथे पादत्राणे काढून आत जायचे. किरमिजी प्रकाश, टांगलेल्या वळणदार आकृत्यांच्या रंगीत सावल्या आणि मोठ्या स्पीकरांतून येणारा 35 शुद्ध स्वरलहरींचा अखंड घोष, एवढेच. मागे तिथे गेलो होतो तेव्हा पहिली दहा मिनिटे मला इमारतीचा पंप बिघडला असावा असे वाटत होते. मग गालिच्यावर बसल्या बसल्या मान किंचित कलती केली आणि वरचा एक स्वर लख्ख उमटला. मान सरळ केली, तो नाहीसा झाला. लहरी कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे खोडतात, म्हणून त्या खोलीत वीतभर सरकले तरी ऐकू येणारे बदलते. याचा फोटो काढणार कसा?

मी मिरजेचा. घोडीवरच्या तारेखालचा जवारीचा, म्हणजे तारेला झंकार देणारा, दोरा केसभर सरकला की तंबोरा कसा उजळतो, हे लहानपणी कारागिराच्या दुकानात तासन्‌तास ऐकलेले आहे. यंग आणि झझीला हे 1970 मध्ये किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले, आणि मिरज तर किराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची. तेव्हा त्या कलत्या मानेने मला थेट त्या दुकानात नेऊन बसवले, यात नवल नाही.

आजचे प्रदर्शन मुलींना आवडले, हे मान्य. ड्रीम हाऊसमधून आमची ही पंधरा मिनिटांत कॉफी प्यायला खाली उतरली होती, हेही मान्य.

रात्री गवसणीतून तंबोरा काढला. पंचम उतरला होता. तो मिळवत असताना धाकटीने भोपळ्याला कान लावला, मान इकडेतिकडे केली आणि म्हणाली, “बाबा, इथून वेगळंच ऐकू येतंय.” मग तिने मोबाइल काढून फोटो घेतला. मी काही बोललो नाही.