मावशी, ते शिखर नाही, काँक्रीट आहे

काल रात्री मावशीने फॅमिली ग्रुपवर दादरच्या पोर्तुगीज चर्चचा फोटो टाकला. खाली मजकूर: "४०० वर्षं जुनी वास्तू, मूळचं देऊळ, पोर्तुगीजांनी शिखरं अर्धी कापली म्हणून वरून चपटी दिसतात, परदेशी आर्किटेक्ट, आत हवाही येत नाही, सर्वांना पाठवा." लगेच अकरा जणांचे हात जोडलेले.

आधी ती शिखरं. अहो, आरसीसी आहे ते, सळ्या घातलेलं काँक्रीट! आजची इमारत आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची, १९७४ ते ७७ मधली, त्यांनी आपल्या कामांवर जे छापलंय त्यात वर्षांसकट आहे. आरसीसीचा शोधच मुळी एकोणिसाव्या शतकातला, मग पोर्तुगीजांनी कापलं काय, सळ्या? आणि ती वर निमुळती होऊन चपटी का, तर तिथूनच आत उजेड पडतो आणि तापलेली हवा वर चढून बाहेर जाते. शेंडा मुळात ठेवलेलाच नाही, तर कापणार कोण? असल्या मेसेजवरून उद्या कोणी तिथे दगड घेऊन गेलं तर हे अकरा हात कुठे असतील?

बरं, ४०० वर्षं हे अर्धं खरं आहे, मान्य. तिथलं मूळ चर्च फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी १५९६ साली बांधलेलं, म्हणून तर बसचा कंडक्टरही पोर्तुगीज चर्च म्हणूनच ओरडतो. नाव जुनं, इमारत नवी.

परदेशी म्हणे! गोव्याकडच्या घरातला, सिकंदराबादला जन्मलेला माणूस, साबरमतीचं गांधी संग्रहालय त्याचंच, नवी मुंबईच्या आखणीतही होता. सोडा.

आणि हवा नाही म्हणणारा आत गेलेलाच नाही. मी ऑफिसातल्या एकीच्या लग्नाला मे महिन्यात तिथे तासभर बसलोय, मधेमधे उघडे चौक आहेत, वाड्यात असतात तसे, तिथून वारा येत होता आणि बाहेर टॅक्सीत मात्र घामाची आंघोळ झाली होती.

शेवटी मावशीला फोनच केला, कारण ती गोखले रोडचीच. म्हटलं, ७५ साली शाळेत कुठून जायचीस?

"चर्चवरूनच की. केवढे खडीचे ढीग असायचे, चपलेत खडे जायचे."

मग?

"मला वाटलं, दुरुस्ती चाललीय."