ओला, सुका आणि माझं इंजिन

काल सकाळी आठ वाजता माझ्या स्कूटरचं पंख्याचं कव्हर कचऱ्याच्या गाडीत बसून निघून गेलं. गाणं वाजत असताना गेलं. म्हणजे वाजतगाजतच म्हणायचं.

स्कूटर बाबांची. कायनेटिक होंडा, 98 सीसी, 1991 ची. इंजिन खोलायची दुर्बुद्धी मला कॅनडातल्या भाच्यामुळे झाली. त्यानं तिकडे 1972 ची एक बर्फावरची स्कूटर विकत घेतली, स्की-डू, आणि गॅरेजमध्ये तिचं इंजिन नव्यानं बांधून घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. क्वेबेकच्या बॉम्बार्डिए नावाच्या गृहस्थांनी ही जात 1959 साली बाजारात आणली. नाव स्की-डॉग ठेवायचं होतं, छापताना स्की-डू झालं, असं सांगतात. तर व्हिडिओत बघतो काय, आत टू-स्ट्रोक इंजिन, गिअर नाहीत, दोन पुल्या आणि मध्ये बेल्ट. म्हटलं, अरे, ही तर आमचीच! फक्त पुढे चाकाऐवजी फळ्या.

इंजिन उतरवलं, लेथवाल्याकडून बोर करून आणलं, पन्नासचा, म्हणजे मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठा, पिस्टन मिळवला. मिळवला या एका शब्दात इंदूरच्या सियागंज ते जवाहर मार्ग अशा माझ्या चार चकरा आहेत. ही स्कूटर 1984 पासून पिथमपुरात बनायची, घरापासून 25-30 किलोमीटरवर. आज तिचा पिस्टन मागितला की दुकानातला पोरगा गालातल्या गालात हसून म्हणतो, "भिया, अब तो फोटो भी नी मिलेगा." भाच्याला त्याच्या पन्नास वर्षांच्या यंत्राच्या रिंगा घरपोच मिळतात. असो. हे आठवलं की मला अजून त्रास होतो.

काल सकाळी ओट्यावर वर्तमानपत्र पसरून पिस्टन कनेक्टिंग रॉडवर चढवत होतो. ज्यांनी हे केलंय त्यांना ठाऊक आहे, पिन आत ढकलली की दोन्ही टोकांना तारेची बारीक लॉकं बसवावी लागतात. ती उडतात. क्रँककेसचं, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीचं, तोंड वर उघडंच असतं, म्हणून आधी तिथे फडका कोंबायचा. फडका कोंबला होता. एक लॉक बसवून झालं होतं, दुसरं दातात धरलं होतं. डाव्या हातात पिस्टन, उजव्यात पिन.

अशा अवस्थेत शेजारचे काका आले.

काका बँकेतून निवृत्त आहेत आणि कचऱ्यात कार्यरत. 2017 साली इंदूर देशात स्वच्छतेत पहिलं आलं, तेव्हापासून ते स्वतःला त्या निकालाचे सहलेखक समजतात. गाडीचं गाणं कोपऱ्यावर ऐकू आलं की ते फाटकात उभे राहतात आणि सगळ्या गल्लीचे डबे तपासतात. केळ्याच्या सालीला चिकटलेलं स्टिकरसुद्धा त्यांनी वेगळं काढायला लावलंय. आमच्याच घरी.

"काय करून राहिलास रे?"

मी दातांतून म्हटलं, "इंगिन."

"हे सगळं टाकायचं नं?"

"अं-हं."

नकारार्थी मान हलवली, पण पिस्टन हलू नये म्हणून बेताचीच. काकांना ती होकारार्थी वाटली. ते उकिडवे बसले आणि माझ्या वर्तमानपत्राकडे, वहीखात्याकडे बघावं तसे बघायला लागले.

"ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक, इलेक्ट्रॉनिक," त्यांनी सहा बोटं मोजली. पाचानंतर पुन्हा अंगठ्यावर आले. "हा स्पार्क प्लग. इलेक्ट्रॉनिक म्हणावं का? तू काय म्हणतोस?"

मी काय म्हणणार!

"गॅस्केट... पुठ्ठा आहे, पण तेल लागलंय. तेल म्हणजे ओला. पण तसा ओला नाही." इथे ते खरोखरच गहन विचारात पडले. मला तर वाटलं, मुख्य कार्यालयाला पत्र लिहितात. "आणि हा फडका! पेट्रोलचा वास येऊन राहिलाय. हा तर सरळ घातक."

आणि त्यांनी क्रँककेसच्या तोंडातला फडका ओढून घेतला.

मी घशातून जो आवाज काढला त्याला शब्द नाही. तोवर गाडी दारात. काकांनी उठता उठता पंख्याचं कव्हर उचललं आणि "हे मात्र शुद्ध प्लास्टिक" म्हणत ठरलेल्या कप्प्यात भिरकावलं. आता, या स्कूटरचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं. पंखा वारा मारतो आणि ते कव्हर तो वारा सिलिंडरभोवती फिरवतं. ते नसेल तर वारा चहूकडे, आणि चार-पाच किलोमीटरवर नवा पिस्टन जाम. म्हणून मी ओरडलो, "काकाऽ!"

'का' म्हणायला तोंड उघडावं लागतं.

लॉक ओठांवरून सुटलं, रॉडवर टिंग वाजलं आणि क्रँककेसच्या उघड्या तोंडातून थेट आत.

गाडी पुढे गेली. समोरच्या वहिनी गॅलरीतून म्हणाल्या, "काका आहेत म्हणून गल्ली चकाचक आहे हो!" माझ्या हातात पिस्टन होता. फेकला नाही, कारण पन्नासचा होता.

विनोद बाजूला ठेवून सांगतो. दुरुस्तीला काढलेली वस्तू ही कचरा नसते, एवढं साधं या गल्लीत कुणाला पटत नाही. रद्दीवाला मला स्कूटरचा किलोचा भाव सांगून गेलाय, मी तिच्यावर बसलेलो असताना. बायको पाहुण्यांना सांगते, "यांचा पसारा आहे." नवी इलेक्ट्रिक घेतली असती तर याच लोकांनी पेढे मागितले असते.

दुपारभर मी इंजिन उलटं धरून परातीवर हलवत होतो. एक वॉशर पडला, थोडी काजळी पडली, लॉक नाही. चुंबक घालून पाहिला, तो क्रँकलाच चिकटला. आता क्रँककेस पुन्हा फोडायची. म्हणजे बेअरिंग, ऑइल सील, सगळं पहिल्यापासून.

संध्याकाळी काका आले. हातात घडी केलेला फडका.

"गाडीवाला घेईना. म्हणे, कपडा सुक्यात येतो. मग काकूनं धुऊन दिला." इस्त्रीसुद्धा केलेली होती.

"आणि कव्हर, काका?"

"त्याची नको काळजी करूस," काका म्हणाले. "त्याची आता खुर्ची होईल."