स्वतःची गाठ पडू नये म्हणून

स्वतःला आहे तसं स्वीकारा, असं हल्ली जो तो सांगत सुटलाय. ऐकू नका. आहे तसा माणूस फार गैरसोयीचा असतो. तो घोरतो, त्याला शास्त्रीय संगीत कळत नाही आणि मेहुण्याला बढती मिळाली की याच्या पोटात दुखतं. असल्याशी ओळख वाढवण्यापेक्षा त्याला टाळलेलं बरं. त्यासाठी मोठं खोटं बोलायचीही गरज नाही, रोजच्या किरकोळ थापा पुरतात.

सकाळी फोन आला की टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेतच ठणकावून सांगा, ‘निघालोय, स्वारगेटच्या सिग्नलला अडकलोय.’ मागे कुकरची शिट्टी झाली तर ट्रॅफिकला शिव्या घाला. कुणी लाइव्ह लोकेशन मागितलं तर रेंज गेली म्हणा. ते कमीत कमी 15 मिनिटांसाठी चालू होतं आणि तुमच्या अब्रूला तेवढी मिनिटं परवडणारी नाहीत.

कागदोपत्री थापा मात्र मन लावून मारा, त्या टिकतात. लग्नाच्या बायोडेटात उंची बुटांसकट मोजा. वर्ण ‘निमगोरा’ लिहा, हा रंग फक्त बायोडेटातच सापडतो. छंद : वाचन. जुन्या करप्रणालीत असाल तर घरभाड्याच्या करसवलतीसाठी आईच्या नावाने भाडेपावत्या करा. वर्षाचं भाडं 1 लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो, म्हणून कितीतरी आया महिना 8,300 रुपयांत घर देतात. आपण घरमालकीण आहोत हे त्या माउलीला ठाऊक नसतं. असतं तर तिने केव्हाच खोली रिकामी करून घेतली असती.

तशी ही परंपरा जुनीच. आपल्याकडे 1 जूनला जन्मलेले आजोबा गावोगाव भेटतात. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराची जन्मतारीख घरात कुणाला सांगता यायची नाही, मग गुरुजी ठोकून द्यायचे : 1 जून. आजोबा त्या हिशेबाने 31 मेला निवृत्तही व्हायचे. पण कुणी विचारलं तर हसून सांगायचे, ‘अरे, ते शाळेतलं. मी झालो तेव्हा सुगी चालू होती.’ इथे आजोबा कच्चे पडले. कागदावरचा माणूस वेगळा आणि आपण वेगळे, हे त्यांनी शेवटपर्यंत लक्षात ठेवलं. तुम्ही ही चूक करू नका. थाप आधी आपल्याला पटली पाहिजे.

एक अडचण येईल, आत्ताच सांगून ठेवतो. लोक कौतुक करतील आणि ते तुमच्यापर्यंत पोचणार नाही. ‘किती समजूतदार! कधी कशाला नाही म्हणत नाही!’ हे सगळं त्या स्वारगेटवाल्याला मिळणार, टॉवेलवाला उपाशीच. रात्री झोप लागेनाशी झाली तर अ‍ॅसिडिटी म्हणा.

काही आगाऊ लोक यावर भलतेच उपाय सुचवतात. साहेबांना ‘काम विसरलो’ म्हणायचं. काकूंना ‘तिसरी पुरणपोळी नको’. मेहुण्याला तर चक्क ‘तुझा हेवा वाटला रे’! चुकूनही करून बघू नका. कान लाल होतात, जीभ अडखळते, आणि समोरचा बहुतेक वेळा नुसतं ‘बरं’ म्हणून पुढच्या विषयाकडे वळतो. खरा धोका त्या ‘बरं’मध्ये आहे. इतकी वर्षं जिवापाड सांभाळलेलं गुपित कुणाला ऐकायचंही नव्हतं, हे कळल्यावर माणसाने जायचं कुठे?

त्यापेक्षा रीतसर पैसे भरून आत्मस्वीकाराच्या शिबिराला जा. तिथे आरशासमोर उभं करून ‘मी जसा आहे तसा मला आवडतो’ असं म्हणायला लावतात. खुशाल म्हणा, फक्त आदल्या रात्री केस काळे करून घ्या. ऑफिसात रजेचं कारण ‘व्हायरल ताप’ लिहा आणि सोमवारी जरा खोकत जा.