बियाणं बोगस नाही, अळी बदललीय

कापसात गुलाबी बोंडअळी दिसली की तोच मेसेज, आज परत फिरतोय: "बीटी बोगस निघाली, बियाण्यावर केस करा." खाली लाइक्सचा पाऊस. बीटी म्हणजे अळी मारणारं विष झाडातच तयार करणारं कापसाचं बियाणं. अरे, बियाणं बोगस असतं तर हिरवी बोंडअळी त्याच झाडावर आजही का मरते?

बियाण्याच्या त्या पाकिटात 450 ग्रॅम बीटीसोबत 120 ग्रॅम नॉन-बीटीची, म्हणजे विष नसलेल्या साध्या बियाण्याची पुडी यायची. कुठे गेली ती? बांधावर फेकली. शेताभोवती पाच ओळी किंवा 20 टक्के क्षेत्र, जे जास्त भरेल तेवढ्यात ती लावायची होती. बीटीचं विष अळीच्या आतड्यात ठरावीक जागी चिकटतं. एखाद्या अळीत ती जागाच बदललेली असते, ती वाचते. तिचा पतंग पुडीच्या झाडांवर वाढलेल्या साध्या पतंगाशी जुळला, तर पिल्लं बीटीवर बहुतेक मरतात. साधे पतंगच नसले की वाचलेल्यांचं लगीन वाचलेल्यांशीच. बीटी आली 2002 साली, 2010 पर्यंत गुजरातेत गुलाबी अळीने बीटीचं पहिलं, विष बनवणारं जनुक पचवलं. 2006 ला दोन जनुकांचं बियाणं आलं, काही वर्षांत तेही पचवलं. 2017 ला विदर्भ-मराठवाड्यात या अळीने कापसाचं काय केलं, ते सांगायला नको.

मान्य, पाच एकरवाल्याने अळीसाठी एक एकर सोडावं, हे सांगणं सोपं आहे. पुडीतलं बियाणंही बऱ्याचदा धड नसायचं. आणि संकरित वाणात जनुक एकाच पालकाकडून येतं, म्हणून एकाच बोंडातल्या काही सरक्यांत विष असतं, काहींत नसतं. सरकी खाणाऱ्या गुलाबी अळीला ही आयती तालीमच. हे पाप शेतकऱ्याचं नाही.

पण फरदड? पाणी आहे म्हणून मार्चपर्यंत कापूस उभा ठेवायचा, पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, बांधावर रचायची. या अळीचं मुख्य खाणं कापूसच. तिची उपासमार आपणच होऊ देत नाही! डिसेंबरअखेर शेत रिकामं करा.

पुढच्या हंगामात फुलं लागली की डोमकळ्या, म्हणजे अळी आत असलेल्या न उमलणाऱ्या कळ्या, तोडून जाळा. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा, सलग तीन रात्री एका सापळ्यात रोज आठ पतंग आले की फवारणीची वेळ झाली. बोंडं धरली की दर आठवड्याला एकरी 20 हिरवी बोंडं फोडा, कारण बाहेरून ती ठणठणीत दिसतात. दोनांत जिवंत अळी दिसली तर फवारणीला थांबू नका. सुरुवातीलाच सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक मात्र मारू नका, पांढरी माशी उसळते.